अब्बांचे काळे-पांढरे फोटो

प्रिय खुशी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते, तेव्हा आपण दोघी शाळेत शिकलो ते मराठी अखेर कामाला आलं. अब्बा-अम्मींना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यासमोर बसून बिनधास्त लिहितेय. काल हसीबचाचांच्या फोटो स्टुडिओतून आल्यापासून मी सुन्न आहे. दूध उतू गेलं तेही अम्मी ओरडल्यावर कळलं. पण मधूनच सांगितलं तर तुला काही उमजायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. पत्र फाडू नकोस. तुझ्या नाकावर राग असतो हे मला ठाऊक आहे, आणि नाक तू अब्बांचंच घेतलंयस, तेव्हा त्यावर जागाही भरपूर आहे.

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. तू बॅग भरून बसली होतीस आणि अब्बांनी निरोप धाडला की धुळ्यातच राहा, तिथे दवाखाने चांगले आहेत. मग तुझ्या आदिलचं नाव ठेवलं त्या अकीक्याला आम्ही सगळे आलो आणि अब्बा आले नाहीत. आणि त्यानंतर ती ओढणी. तू नमुन्याला डाळिंबी रंगाचा कापडाचा तुकडा पाठवला होतास, आणि पार्सलमधून निघाली शेवाळी. चार बायकांसमोर तुझ्या सासूबाई म्हणाल्या की रंगाऱ्याच्या घरून हा रंग यावा म्हणजे कमालच झाली. तू समजलीस की तू आपल्या पसंतीने लग्न केलंस त्याचा काटा अब्बांनी अजून मनात ठेवलाय. त्याच दिवशी ओढणी परत पाठवलीस आणि आमचा फोन बंद केलास. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ओढणी अम्मीने अब्बांच्या नजरेस पडू न देता पेटीत ठेवलीय. त्यांना वाटतं ती तुला मिळाली, आणि तू रुसलीस ती फक्त ते आले नाहीत म्हणून.

आता कॅमेऱ्याचं सांगते. हिवाळ्यात हसीबचाचांनी स्टुडिओसाठी मोठा कॅमेरा घेतला आणि जुना, साबणाच्या वडीएवढा छोटा डिजिटल कॅमेरा अब्बांना दिला. खूप दिवसांनी अब्बांना कशाची तरी हौस वाटली. मला म्हणाले, याच्यात काळा-पांढरा फोटो निघतो म्हणे, तसं लावून दे. मी खूप हसले. जन्मभर पातेल्यात रंग उकळणारा माणूस, ज्याने शंभर गुलाबींमधून नवरीच्या ब्लाउजची गुलाबी नेमकी काढायची, त्याला काळे-पांढरे फोटो हवेत. त्यांनी मला सुनावलं, "रंग निकाल दो निलू, फिर देखो आदमी का चेहरा कैसा खुलता है." मला ते एवढं पटलं की मी बालवाडीतल्या बायकांना सांगत सुटले. मेनूत जाऊन मी काळं-पांढरं लावून दिलं आणि मग ते सुटलेच. गच्चीवर वाळणाऱ्या ओढण्या, केळ्यांची गाडी, चहाचे ग्लास, दुकानाच्या पायरीवर झोपलेली बकरी, वाटाणे सोलणारी अम्मी. अम्मीचा तो फोटो बघशील तर तुझा विश्वास बसणार नाही की आपली अम्मी इतकी देखणी आहे. तिला स्वतःलाही बसला नाही.

मध्यंतरी कॅमेऱ्यातला सेल फुगला. हसीबचाचांनी नवा घालून दिला आणि अब्बांचं पुन्हा सुरू झालं. रोज संध्याकाळी तो इवलासा पडदा माझ्यासमोर धरायचे. खरं सांगू, रोज तेच ते म्हणून मी पोळ्या लाटता लाटता नुसतं छान छान म्हणायचे. अम्मीला तर चष्म्याशिवाय त्यात मुंगीदेखील दिसत नाही.

गेल्या आठवड्यात अब्बांनी मला कार्ड काढून दिलं. म्हणाले, यातले चांगले बघून कागदावर काढून आण, खुशीला पाठवू, नाना कुठे राहतो ते पोराला कळू दे. काल मी स्टुडिओत गेले आणि चाचांना सांगितलं की अब्बांचे काळे-पांढरे फोटो आहेत, जरा नीट काढा. चाचांनी कॉम्प्युटरवर उघडले, खाली-वर केले आणि मला विचारलं, बेटी, काळे-पांढरे कुठे आहेत? सुरुवातीचे थोडे तसे होते. नवा सेल घातल्यानंतरचे सगळेच्या सगळे रंगीत होते. चाचा हसून म्हणाले, सेल काढला की हा कॅमेरा सगळं विसरतो, तारीखसुद्धा, आणि आपोआप रंगीतवर जातो. तुझ्या अब्बांच्या ध्यानात कसं आलं नाही? मीही हसले. जिन्यावरून उतरताना माझं हसू गेलं.

घरी आले तर अब्बा गच्चीवर होते. अम्मीने मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि अब्बांनी नुकताच त्या मिरच्यांचा फोटो घेतला होता. कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "देख, काले-सफेद में एक-एक मिर्ची अलग दिखती है." खुशी, पडद्यावर मिरच्यांचा ढीग लालभडक होता, इतका की डोळ्यांत खुपत होता. बाजूला हिरवी बादली होती. अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय म्हणते याची वाट बघत होते. मी म्हणाले, बहोत अच्छा है अब्बा, आणि खाली येऊन मोरीत तोंड धूत बसले.

आपल्या अब्बांना रंग दिसत नाहीत. हे वाक्य मी काल रात्रीपासून मनात किती वेळा म्हटलं, पण अजून ते आत जात नाही. एकेक गोष्ट मात्र आता लख्ख कळतेय. काही महिन्यांपासून ते भाजी आणत नाहीत. स्कूटर त्यांनी विकायला काढली, म्हणे गुडघे दुखतात. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन आलं की ते त्यालाच विचारतात, तुमच्याकडे याला काय म्हणतात ताई, मोरपंखी की रामा? नाव विचारायचं, आणि त्या नावाच्या डब्याकडे हात न्यायचा. डबे कुठल्या फळीवर कितवे आहेत ते त्यांना पाठ आहे, हात आपोआप जातो. आणि रमजानच्या आधी अम्मीने दुकान झाडलं तेव्हा सगळे डबे पुसून तिच्या मनाने लावले. तुझी ओढणी त्यानंतरची. तेव्हाच धरणगावच्या कमलबाई साडीशी न जुळणारा फॉल परत घेऊन आल्या होत्या, "भाऊ, हाऊ रंग मना नही शे." अब्बांनी माफी मागितली, फुकट दुसरा करून दिला आणि दोन दिवस जेवले नाहीत. मला वाटलं गिऱ्हाईक तुटायचं दुःख असेल. काखेत कळसा आणि मी मात्र गावाला वळसा घालत बसले. काळ्या-पांढऱ्या फोटोची हौससुद्धा आता कळली. त्यात सगळ्या जगाला जेवढं दिसतं तेवढंच त्यांनाही दिसतं, म्हणून त्यांना तो एवढा आवडला.

आता जे सांगते ते न सांगण्याची शपथ अब्बांनी आम्हाला घातलीय, ती मी मोडतेय. अल्ला मला माफ करो. तू सातव्या महिन्यात होतीस तेव्हा अब्बांना टीबी निघाला. खोकला महिनाभर अंगावर काढला होता. तू पोटुशी होतीस, म्हणून त्यांनी तुला येऊ दिलं नाही. तुझ्या सासरी कळलं तर तुला बोल लागतील, म्हणून आमची तोंडं बंद केली. अकीक्याच्या दिवशी ते नवा कुर्ता घालून बसस्टँडपर्यंत आले होते गं, आणि आम्हाला धुळ्याच्या गाडीत बसवून घरी परत गेले. डॉक्टर केव्हाच म्हणालेत की आता त्यांच्यापासून कुणाला धोका नाही, नातवाला खुशाल मांडीवर घ्या. पण ते ऐकत नाहीत. कोर्सची शेवटची गोळी घेईन आणि मगच पोराला हात लावीन, असं त्यांनी ठरवून टाकलंय.

आज सकाळी मी गोळ्यांचं पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, यातली एक गोळी कुणाकुणाच्या डोळ्यांवर जाते, आधी रंग जातात, मग नजर. आपल्या मनाने काही बंद करू नका, पण आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, ते औषध बदलून देतील. लवकर झालं तर गेलेलं बरंचसं परत येतं, उशीर झाला तर येत नाही. मी धावत घरी आले आणि अब्बांसमोर सगळं बोलून टाकलं. ते अजिबात दचकले नाहीत. त्यांना माहीत होतं, खुशी. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं की नजरेत फरक पडला तर लगेच या. गेले तर गोळ्या बदलतील, कोर्स लांबेल, पोराला भेटायचं पुढे जाईल, म्हणून ते गेलेच नाहीत. मी रडले, अम्मीने पाय धरले, तरी एकच म्हणतात की महिनाच राहिलाय, नंतर बघू. आता तर अक्षरंही पुसट झालीत, परवा उर्दू पेपर उलटा धरून बसले होते. मी हे तुला समेटासाठी लिहीत नाहीये, समेट तुमचा तुम्ही करा. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी आदिलला घेऊन जळगावची गाडी पकड. दारात आलीस की काही बोलू नकोस, विचारू नकोस, पोराला सरळ त्यांच्या मांडीवर ठेव आणि तिथूनच त्यांना दवाखान्यात घेऊन चल. ज्याला बघण्यासाठी ते महिना मोजतायत, तो महिना संपेपर्यंत त्याचं तोंड दिसण्यापुरतीही नजर त्यांच्याकडे उरणार नाही.

तुझीच,
निलूआपा