शून्य असलं की वारा नाही

२ एप्रिल

भिंगरीचं यंत्र बिघडलं! संस्थेच्या वेबसाइटच्या पानावर उत्तर ध्रुवाजवळच्या तिच्या तळावरचा ओझोनचा आकडा तासातासाला येतो. सकाळी चहा घेताना उघडलं, तर काल तिशीच्या वर असलेला आकडा दोन. मग एक. मग शून्य. एवढं मोलाचं यंत्र, आणि पोरगी तिकडे पोचून सहा महिने होतायत तोवर ही तऱ्हा! ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "भोक पडलं असेल, ते ओझोनचं असतं ना." चष्म्याच्या दुकानात बसून ह्यांना जगातली सगळी भोकं दिसतात.

रविवारी तिचा फोन आला की सांगते तिला.

५ एप्रिल, रविवार

फोन आला. मी यंत्राचं म्हटलं तर हसतच सुटली. "आई, यंत्र ठणठणीत आहे. खरंच शून्य आहे!"

वरचं भोक वेगळं म्हणे, बाबांना सांग. हा खालचा ओझोन, आपल्या नाकाच्या उंचीवरचा. हिवाळाभर तिकडे सूर्य नसतो. तो परत उगवला की गोठलेल्या समुद्राच्या मिठातून ब्रोमीन सुटतो आणि ओझोन खाऊन टाकतो. वारा पडलेला असला तर एका दिवसात साफ! मी म्हटलं, "अगं, मग तुम्ही श्वास कसला घेता?" "आई! श्वास ऑक्सिजनचा घेतात." बरं बाई. मी गाडी शिकवते, हवा नाही शिकवत.

खरी भानगड पुढेच आहे. ओझोन गेला की त्याच सुमाराला हवेतला विषारी पारा बर्फावर उतरतो. तिथून पाण्यात, पाण्यातून माशांत. किती उतरतो ते बघायला हिने शून्याच्या दिवसांत समुद्रावरच्या बर्फावर जाऊन नमुने घ्यायचे. मी विचारलं, कुणी थांबवत का नाही ते? "थांबवणार कसं, आई? आम्ही फक्त मोजतो." फक्त मोजतो! एवढ्यासाठी पोटची पोर जगाच्या टोकाला.

पण जाता जाता एक लाखातलं बोलली. वारा सुटला की वरची हवा खाली येते आणि आकडा पुन्हा तिशीकडे चढतो. "आमच्याकडे बहुधा शून्य म्हणजे वारा नाही. वारा नाही म्हणजे मी मजेत. शून्य दिसलं की खुशाल झोप."

६ एप्रिल

शून्य. खुशाल झोपले!

९ एप्रिल

आकडा अठ्ठावीसवर गेला होता, आज परत शून्य. संस्थेच्या ऑफिसातली माणसं म्हणे शून्य आलं की हळहळतात. मी इकडे देवाला हात जोडते. जगात शून्याची वाट बघणारी मी एकटीच असेन.

एकटी नाही. मेकॅनिकची आई आहे. भिंगरीच्या तळावर बर्फावरच्या स्कूटर बघणारा जो मेकॅनिक आहे, त्याची. संस्थेने तळावर जाणाऱ्या सगळ्यांना निरोप दिला तेव्हा आमची ओळख झाली. लाँड्री चालवते, एकटी आहे, हा एकुलता एक. संगणकाचं तिला वावडं, म्हणून संध्याकाळी इस्त्री आटोपली की मला फोन. "ताई, काय म्हणतंय तुमचं शून्य?" मी सांगते, ठणठणीत. मग तिला हायसं वाटतं, आणि तिला वाटलं की मलाही जरा जास्तच वाटतं.

११ एप्रिल

आज भिंगरी बर्फावर निघाली. चार दिवस तंबूत. एकट्याने जायचं नाही असा नियम, म्हणून सोबत मेकॅनिक. तंबूतून घरी फोन लागत नाही, फक्त तळाशी वायरलेसवर बोलता येतं. पंधराला परत.

निघण्याआधी दोन मिनिटं बोलली. मागून तो ओरडला, "काकू, तिला स्कूटर चालवायला तुम्हीच शिकवलंत का? ब्रेक कशाशी खातात ते ठाऊक नाही!" मी म्हटलं, तिला नाही रे शिकवलं, ती ऐकते का माझं? गोड आहे पोरगा.

शिकवताना माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. पोरं चुकली की मी दाबते, संपला विषय. ही चार दिवस बर्फावर आणि मी इथे खुर्चीत. संध्याकाळपासून उजवा पाय उगाचच जमिनीत रुततोय.

१२ एप्रिल

शून्य.

१३ एप्रिल

शून्य. शून्य. शून्य. गुणाचं ते माझं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दंतवैद्याने आज गाडी मागे घेताना तिसऱ्यांदा कुंड्यांचा कट्टा ठोकला. लोकांच्या तोंडात एवढे एवढे आरसे घालून बघतो, आणि गाडीचे तीन आरसे ह्याला दिसत नाहीत. ओरडले. मग वाईट वाटलं. मग परत ओरडले.

१४ एप्रिल

दुपारी एकदम एकोणीस! हातातला कप तसाच राहिला. ह्यांना दुकानात फोन केला, तर हे म्हणतात गिऱ्हाईक आहे. असू दे ना गिऱ्हाईक! तासभर पान सोडून हलले नाही. पुढचा आकडा आला — शून्य. त्याच्या पुढचाही शून्य. उचकी लागली असेल यंत्राला. जीव भांड्यात पडला.

मेकॅनिकच्या आईला एकोणीसचं काही बोलले नाही. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर? म्हटलं, सगळं शांत आहे, निवांत झोपा.

१५ एप्रिल

शून्य. आज परत यायची होती दोघं. फोन नाही. दमून झोपली असतील.

१६ एप्रिल

शून्य. फोन नाही.

हे दोनदा उठून पान बघून आले. मी चिडवलं, आता कळलं का बघायचं कसं? हसले नाहीत. म्हणाले, "आकडा जरा जास्तच सरळ आहे गं. मधे कधी एक-दोन तरी यायचं." म्हटलं, चांगलं चाललंय त्यात खोट काढू नका. दंतवैद्याने आज गाडी सरळ लावली, मी पेढे मागितले.

१७ एप्रिल

सकाळी संस्थेतल्या बाईंचा फोन. आवाज इतका मऊ की तेव्हाच समजले.

चौदाच्या दुपारपासून तळावर वादळ आहे. तीन दिवस! यंत्राच्या खोलीला वीज नेणारी तार पहिल्याच तासात तुटली. तंबूशी तेव्हापासून बोलणं नाही. तळावरचे पाचही जण दाराबाहेर दहा पावलं जाऊ शकत नाहीत.

मी म्हटलं, काहीतरीच काय! आकडा शून्य आहे. आत्ताही शून्य आहे, समोर दिसतोय मला. त्या म्हणाल्या, "आकडा आलाच नाही तर ते पान आपोआप शून्य लिहितं. पहिल्यापासून तसंच आहे. आम्हाला माहीत असतं हो, आम्ही कुणी ते पान बघत नाही."

कुणी बघत नाही. मी बघते! मी! ते एकोणीस खरं होतं. तोच वारा होता. त्यानंतरचं काहीच खरं नव्हतं, आणि मी त्याला गुणाचं म्हणत होते, पेढे मागत होते. इतके दिवस कळवलं का नाही म्हणून बाईंवर एवढी ओरडले की घसा बसला. "तुम्हाला काळजी नको म्हणून." फोन ठेवल्यावर गाडीची किल्ली उचलली, ती ह्यांनी काढून घेतली. जाणार होते कुठे मी?

१८ एप्रिल

वादळ तसंच.

मेकॅनिकच्या आईलाही संस्थेचा फोन गेला होता, ती लाँड्री बंद करून आली. मी दारातच रडायला लागले. सांगून टाकलं, एकोणीस आला होता, मी तुमच्यापासून लपवलं. ती म्हणाली, "सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? फुंकर मारून वारा थांबवला असता?" मग आत आल्यावर खुर्चीवर ठेवलेले कपडे दिसले, तर घड्या घालायला लागली. म्हटलं राहू द्या हो. म्हणाली, हाताला काहीतरी हवं.

इथेच राहा म्हटलं. राहिली.

१९ एप्रिल

काही नाही. विमान तयार आहे म्हणे, उडता येत नाही. किनाऱ्याचा बर्फ फुटलाय का, बाईंना विचारलं. दिसल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाल्या. काहीच सांगता येत नाही, काहीच करता येत नाही, मग ती संस्था आहे कशाला?

हे ते पान उघडून बसतात. बंद करा म्हटलं. नाही करत. कधीतरी दुसरा आकडा येईल असं वाटतं त्यांना. तिघं बसून आहोत. भूक लागते त्याचीसुद्धा लाज वाटते.

२० एप्रिल

वारा उतरतोय. पहाटे विमान निघणार. मेकॅनिकची आई म्हणाली, दोघं एकत्र आहेत हे बरं, एकमेकांना ऊब देतील. मी मान हलवली. तिचा हात धरून बसले होते, कुणी कुणाचा धरला होता कोण जाणे.

२१ एप्रिल

सापडली! भिंगरी जिवंत आहे! विमानातून तिनेच फोन केला, मी आतल्या खोलीत होते, तिचं नाव घेऊन किंचाळले. पायाची बोटं गोठलीत, बाकी धड आहे. नुसती रडत होती. तंबू फाटला त्या रात्री मेकॅनिक स्कूटर आणायला गेला, आणि मधला बर्फ फुटला. "आई, त्याच्या आईला अजून कळवलेलं नाही. तळप्रमुख स्वतः फोन करणार आहेत. तू काही बोलू नकोस."

बाहेर त्याची आई ह्यांना सांगतेय — हसतेय, आवाज इथवर येतोय — "दोघं एकाच तंबूत होते ना!"