मेमरी कोण खातंय

सोम., ३ नोव्हें.
शिकवणी पुन्हा बंद पडली. कामथडीच्या दोघी बहिणी, दहावीचं गणित. मी त्रिकोण काढतेय आणि पडद्यावर माझा हात जागीच थिजलेला. त्यांची आई मध्ये डोकावली. "बाई, तुमचं त्वांड उघडं दिसतंय, आवाज न्हाई. असंच चाललं तर नसरापुरात क्लास लावतो म्हनं पोरींचा बाप."
चहा गार. निवृत्तीनंतर घरात दुसऱ्या माणसाचा आवाज तो एवढाच. एवढाच नाही. थोरल्या बहिणीचा, अक्काचा आहे.

मंगळ., ४
कापूरहोळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन. "म्याडम, टास्क मॅनेजर उघडा. कोन लई खातंय बघा आन हाकला त्याला."
उघडला. मेमरी जवळजवळ भरलेली. सगळ्यात वर व्हिडिओ कॉल. म्हणजे अक्का.
वेल्ह्याहून रोज सकाळी तिचा कॉल येतो. बोलून झालं की टॅब तसाच फडताळात ठेवते. बंद करता येत नाही तिला. धाकटीने आधी फोन ठेवायचा नाही, ही आईची शिस्त. मी आपला माईक, कॅमेरा बंद करते. मग दिवसभर पलीकडून कोंबड्या, कुकर, अक्काचं खोकणं.

गुरु., ६
बाकीचं सगळं हाकललं. हवामान सांगणारं, फोटो दाखवणारं, कशाला आहे तेच न कळणारं. फरक थोडाच. शिकवणी जेमतेम दहा मिनिटं, मग पुन्हा तेच. दोघींतली एक हसली. रागावले.
नंतर टा. मॅ.मध्ये अक्काच्या कॉलवर बाण नेला. 'एंड टास्क'. दाबलं नाही.

शुक्र., ७
आज शि.आधी तोडायचाच, असं ठरवून बसले. तेवढ्यात पलीकडे शेजारीण आली.
"अवं अक्का, ह्यो टॅब चालूच हाय की. बंद करू?"
"ऱ्हाऊ दे. मला येतंय बंद कराया. भोरात एकलीच असती ती. ल्हानपनीबी माज्या बांगड्या वाजल्याबिगर झोपायची न्हाई. तिला बोलू नगं काय. लई कडक हाय, तोडून टाकंल."
शेजारीण हसली. कुकरची शिट्टी.
शि. घेतली नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुखत नव्हतं.

रवि., ९
पोरींच्या आईचा निरोप: उद्या नीट चाललं तर ठीक, नाहीतर नसरापूर. तिचं बरोबर आहे. दहावीचं वर्ष.
दुपारी टा. मॅ. उघडून बसले. अक्का सगळ्यात वर. कोणी कीव केलेली मला चालत नाही. आणि पोरींचं नुकसान त्याहून चालत नाही. तोडायला हवा.
पलीकडे भांडी घासणं चाललेलं. माईक चालू केला.
उठले. स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि सकाळची खरकटी भांडी घासायला घेतली. जरा आपटूनच.
पलीकडचं घासणं थांबलं.