टाकीच्या मागच्या पट्ट्याशी

२४ मे

सकाळी उठले तर पेट्रोलचा वास. पिकअपखाली ओला डाग, चांगला रोटीएवढा. टाकी काल भरून आणली, काटा आजच बराच खाली.

पाच जूनला मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात जायचं. तिथं गाडी म्हणजेच दुकान आणि गाडी म्हणजेच दवाखाना. गेल्या साली धाकटीला ताप चढला, तेव्हा हिनेच वेळेत खाली आणलं. आमचे हे हिवाळ्यापासून मॉस्कोला बांधकामावर. गळकी गाडी आणि दोन पोरं घेऊन मी घाट चढणार नाही.

सासूबाईंना सांगितलं. त्यांना सगळं घर अपा म्हणतं. सामूहिक शेताच्या गॅरेजात बावीस वर्षं फिटर होत्या. वाटलं, चुटकीसरशी काढतील. तर म्हणाल्या, "माझे गुडघे वाकत नाहीत. तू शीर खाली."

कालच तर याच गुडघ्यांनी गाडीखाली शिरून, टाकीच्या वरपर्यंत हात घालून कढत पाण्याने धूत होत्या! चिखल फार साचला होता म्हणे.

२५ मे

टाकीच्या बुडाचा नट ओला दिसला. आवळला. मोठ्या दिमाखात बाहेर आले.

"थेंब खाली पडतो, म्हणून भोकही खालीच?" एवढं बोलून अपा चहाला गेल्या. संध्याकाळी डाग तसाच. फार राग आला. सांगून टाकलं तर यांचं काय जातं?

२६ मे

आज नुसते प्रश्न. उभी असताना गळते की चालताना? भरलेली असताना की निम्मी? मला सांगता येईना. "मग आधी बघ."

दिवसभर बघितलं. पेट्रोल निम्म्याखाली गेलं की गळणं थांबतं. म्हणजे भोक वर आहे! हे मी शोधलं. अपा फक्त "हं" म्हणाल्या, पण जेवताना माझ्या रोटीवर लोणी जास्त आलं.

२८ मे

टाकी पुसून कोरडी केली. वर पीठ फासावं म्हणजे ओल दिसेल, अशी माझी अक्कल. अपांनी पिठाचा डबा हातातून काढून घेतला. "जे खातो ते गाडीच्या पोटाला फासतेस?" शाळेतून खडू आणले, कुटून फासले, पेट्रोल भरलं आणि बघत बसले. थोड्या वेळाने, टाकी आवळून धरणाऱ्या मागच्या पट्ट्याच्या काठाशी पांढऱ्यावर करडी रेघ उतरली. केसाएवढी भेग. पट्ट्याखालचं रबर झिजून पत्रा घासला होता.

अकरा वर्षं मी गणित शिकवते. पोरगं अडलं की मला धीर धरवत नाही, उत्तर सांगून मोकळी होते. अपांना धरवतो. हेवा वाटला, अगदी खरं सांगायचं तर.

३० मे

टाकी उतरवली. कुंपणावरून शेजारचे तोलोमुश म्हणाले, "सादत-एजे, सुनेला गाडीखाली घातलंस होय? मी गॅसची बत्ती आणतो, दोन मिनिटांत जोडून देतो."

"आण की. पण आधी घरी सांगून ये, जनाज्याला किती माणसं येतील ते."

तोलोमुश हसत परत गेले. (एजे म्हणजे ताई; सादत हे अपांचं नाव, त्यांनी घेतलं म्हणून लिहिलं गेलं. सुनेने घ्यायचं नसतं, कागदावरही नाही.)

३१ मे

सोड्याच्या कढत पाण्याने टाकी तीनदा धुतली. वास गेला म्हटलं, तर अपांनी नाक घालून बघितलं, "चौथ्यांदा." मग भेगेच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत पेट्रोलची वाफ साठायला जागाच कमी. विस्तव अंगणाच्या पार पलीकडे. तांब्याच्या टोकाची जड कांब तिथं तापवायची, इकडे आणायची, कथील वितळवून भेग बुजवायची. पहिल्यांदा गोळे झाले. "पत्रा अजून घास. चकाकला नाही तर धरणार नाही." तिसऱ्यांदा कथील पाण्यासारखं पसरलं.

पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं.

१ जून

टाकी काठोकाठ. जमीन कोरडी.

५ जून

गाडीत पुढच्या सीटवर अपांची उशी ठेवली होती. त्यांनी ती काढून घेतली. "मी येत नाही. वरची हवा छातीला झेपणार नाही, डॉक्टर हिवाळ्यातच म्हणाला." मी रडले. त्या चिडल्या, "घाटात डोळे साफ हवेत." कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा हातात दिला. भेग उघडलीच तर त्यात दाबून बसवायचा, घरापर्यंत आणतो म्हणाल्या.

९ जून

टेकडीवर चढले तेव्हा ह्यांचा फोन लागला. टाकीचं सगळं ऐटीत सांगितलं. हे म्हणाले, "मागच्या पट्ट्याशी, केसाएवढी? तिथं अपाने गेल्या शरदातच साबण बसवला होता की. पेट्रोलने तो हलत नाही. कुणी कढत पाण्याने धुतलं का?"

गुडघे वाकत नाहीत म्हणायच्या आदल्याच दिवशी कढत पाणी घेऊन गाडीखाली शिरलेल्या अपा आठवल्या. खाली गाडी उभी होती, तिच्याखालची जमीन कोरडी.