डॉक्टरांना देव शिकवताना

मँगेरे, ऑकलंड
रविवार, जेवणं झाल्यावर

प्रिय सोलोमोना,

वयाने तू माझा धाकटा चुलतभाऊ, म्हणून आशीर्वाद. पदाने आपल्या बेटावरच्या गावच्या चर्चचा पाळक, म्हणून वाकून नमस्कार. (दोन्ही एकदम करताना कंबर धरते, तेव्हा तूच काय ते जुळवून घे.) तुझं पोट, तुझ्या बायकोचा गुडघा, चर्चचं गळकं छप्पर सगळं बरं असेल अशी आशा. माझ्या थोरल्या भावाची तब्येत विचारत नाही, कारण परवा वहिनी फोनवर सगळं बोलली. लाफाएले अजून समुद्राकडे तोंड करून बसतो, त्याच्या ताटातला तारोचा उकडलेला कंद कोंबड्या खातात, आणि देवाने सगळ्या जगाला माफ केलं, फक्त मला सोडून, एवढं एकच वाक्य तो बोलतो. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या फेब्रुवारीपासून तुझ्या कपाटात आहेत, तेही बोलली. लगेच पत्र खाली ठेवू नकोस. भांडायला लिहीत नाहीये.

इथल्या एका इस्पितळात मी मास्तर झालोय ते तुला माहीत आहे. एकतीस वर्षं बस चालवली, शाळा चौथीत सुटली, आणि आता मनाचे डॉक्टर होऊ घातलेली बारा पोरंपोरी दर बुधवारी माझ्यापुढे वह्या उघडून बसतात. विषय: धर्म आणि अध्यात्म. त्यांच्या मोठ्या बाई, डॉ. हॅलम, स्वतः आमच्या चर्चमध्ये आल्या होत्या. म्हणाल्या, आमची मुलं रोग्याला झोप विचारतात, भूक विचारतात, शौचाला होते का तेही विचारतात. पण देवाचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघतात. तेवढं विचारायला शिकवा. पहिल्या तासाला मी सुरुवातीची प्रार्थना केली. ती संपली तेव्हा तासही संपला होता. (बारा जण, त्यांचे आईबाप, वर इस्पितळाचे सगळे मजले. गाळायचं कुणाला?) दुसऱ्या तासापासून बाई पितळी घंटा घेऊन बसतात.

थांब, किटली ओरडतेय.

आलो. चहा केला आणि तिकडेच विसरून आलो. हल्ली एका जागी बसवतच नाही. हे पत्र तीन खुर्च्यांवर लिहून झालं, आता चौथी. तर आता मुलांच्या परीक्षेचं सांगतो. मी खोटा रोगी व्हायचं, मुलांनी प्रश्न विचारायचे, आणि बाईंची घंटा वाजेपर्यंत सोंग सोडायचं नाही. मी शब्द दिला. कुणाचं सोंग घ्यायचं याचा फार विचार करावा लागला नाही. लाफाएलेचंच घेतलं. त्याची पडलेली मान, गुडघ्यावरचे हात, सगळं मला पाठ आहे. फक्त खोली चुकली. सहा नंबरऐवजी मी चारमध्ये जाऊन बसलो, आणि तिथे खरे रोगी तपासतात. बाईंनी तिकडे घंटा वाजवली म्हणे, तीनदा. पण माझे कान डिझेल इंजिनाने कधीच खाल्लेत.

आत आला हॅमिश, नवा तरुण डॉक्टर. सोमवारीच दक्षिणेकडून बदलून आलेला, माझ्या वर्गाचं तोंड न पाहिलेला. त्याने मला ना गाव विचारलं, ना कुणाचा कोण. पायावर पाय टाकला, तो असा की बुटाचा तळवा थेट माझ्या नाकाकडे, आणि विचारलं, "काय होतंय?" आता तूच सांग, आपल्यात अशाला कोण उत्तर देईल? मी खाली बघत, तो नीट सुरुवात करेल म्हणून थांबलो. वीस मिनिटं. तो लिहीत होता. (समोरच्याच्या हातातलं तिकीट उलटं वाचायची मला सवय आहे.) बोलत नाही. नजर देत नाही. प्रकृती गंभीर.

मग त्याने नर्सला बोलावलं, ती निघाली लूपे, इथल्या आमच्या चर्चच्या गायनमंडळातली. "अगंबाई, आपेलूकाका! तुम्ही इथे कसे?"

शब्द दिलेला होता ना. मी म्हणालो, "मी लाफाएले."

लूपेने तोंडावर हात ठेवला. "डॉक्टर, यांना स्वतःचं नाव आठवत नाहीये! रविवारी चांगले तासभर प्रार्थना करत होते हो!" दहा मिनिटांत माझ्या अंगात मागून उघडा झगा होता आणि मी वॉर्डातल्या खाटेवर. आणि लूपे त्या पोराला झापत होती. "आधी पाय खाली घ्या. वडील माणूस आहे. त्यांच्यापेक्षा खाली बसा. गाव विचारा, आईबाप विचारा. तुम्हाला कुणी काही शिकवलं की नाही?"

तो पोरगा खरंच जमिनीवर बसला, सोलोमोना. गाव विचारलं. आईचं नाव विचारलं. मग अडखळत म्हणाला, "घरी तुमच्यासाठी प्रार्थना कोण करतं?"

आणि माझं तोंड उघडलं. लाफाएलेचं सगळं बाहेर आलं, की उपयोग नाही, माझ्यासाठी कुणी करू नये, देवाने मला यादीतून काढलंय. सोंग होतं, पण डोळ्यांतलं पाणी काही सोंगाचं नव्हतं.

हॅमिश देव मानत नाही, हे नंतर कळलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, प्रार्थना तुमच्या वतीने दुसरा कुणी करू शकेल. तुम्हाला जमेपर्यंत करू दे त्यांना. पण गोळी दुसऱ्याने गिळून चालत नाही."

तेवढ्यात बाई घंटा घेऊन धावत आल्या. खूप माफी मागितली. हॅमिशचा चेहरा टोमॅटो झाला होता. मी बाईंना सांगितलं, बाराही जणांना पुढच्या बुधवारी याच्याकडे पाठवा, मी मागे बसतो.

बाकी सगळं ठीक. मागणं काही नाही, ख्यालीखुशालीसाठी लिहिलं. सगळ्यांना आठवण सांग.

तुझा दादा,
आपेलू

ता. क. १: मागणं आहे. उद्याच लाफाएलेला गोळ्यांसकट दवाखान्याच्या नर्सकडे ने आणि कशा सुरू करायच्या ते विचार. गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर धीर धर. प्रार्थना अजिबात थांबवू नकोस. संध्याकाळी तू प्रार्थना करायची, त्याने गोळी घ्यायची. दोघांना आपापलं काम.

ता. क. २: झग्याचं गावात बोलू नकोस. लूपेची आई तिथेच राहते, म्हणजे कळलेलंच असेल, पण तू बोलू नकोस.

ता. क. ३: पत्रभर असं लिहिलं, जणू कपाट तुझं म्हणून चूकही तुझी. फेब्रुवारीत फोन करून तुला कोण म्हणालं होतं, की गोळ्या म्हणजे विश्वास कमी पडल्याची खूण, ठेवून दे आणि त्याला तीन दिवस उपास करायला लाव? मीच. तेव्हा मला मास्तर होऊन दोन आठवडे झाले होते, आणि तू गोळ्या थांबवायला नको म्हणत होतास. म्हणून बसवत नाही रे. तू लाफाएलेशी माफीवर वाद घालू नकोस, तो ऐकायचा नाही. त्याच्याजवळ बस आणि एवढंच विचार: तुझा आपेलू चुकला, तो तुझी माफी मागतोय, देतोस का? देत असेल तर त्याने बोलायची गरज नाही. नुसती गोळी घेऊ दे. तू मला फोन कर.