ओला टॉवेल

मंगळवार, संध्याकाळ

आज चुंबकाच्या उपचाराचं बारावं सिटिंग. डोक्यावर यंत्र टकटक करतं, सुतारपक्षी बसल्यासारखं. दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेऊनही मी भिंतीकडे बघत पडून असायचे, म्हणून डॉक्टरांनी हे सुचवलं. फरक पडतोय? कुणास ठाऊक.

घरी आले तर माझ्या शिलाई मशीनवर यांचा ओला टॉवेल. मी ओरडलेच, "मशीन गंजंल की! अक्कल हाय का न्हाय?"

हे बघतच राहिले. म्हणाले, "लई दिवसांनी चिडलीस गं." आणि डोळे पुसायला लागले. टॉवेल तसाच.

तेव्हापासून धड बसवत नाही. हा राग बरं होण्याचा, की नुसताच राग? दोन वर्षांत त्या मशीनकडे पाहिलंही नव्हतं मी.

शेवटी टॉवेल मीच उचलला. सुई आधीच गंजलेली होती. नवी बसवली.