दाराखालची फट

प्रिय धाकट्या,

फोनवर मी दर वेळी 'सगळं ठीक' म्हणून ठेवून देते. बोलता बोलता जरा थांबले की तू 'हॅलो, हॅलो' सुरू करतोस, मग राहतंच. म्हणून आज लिहायला बसले.

बाबांना गॅरेजमध्ये हलवलंय हे तुला ठाऊक आहे. हाड मोडल्यापासून त्यांना जिना चढवायचा म्हणजे दोघांचाही जीव टांगणीला. गाडी बाहेर काढली, पलंग लावला, जुना गालिचा अंथरला. बरी खोली झाली. पण गॅरेजच्या वर उचलायच्या दाराच्या खालची रबरी पट्टी वाळून तडकली होती. फटीतून गार वारा थेट पलंगाखाली यायचा. खोकला हटेना. एकदा उंदीर येऊन त्यांचा लोकरीचा मोजा कुरतडून गेला. 'जोडीतला एक तरी ठेवला,' म्हणाले. अजून थट्टा सुचते त्यांना.

दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी मीच पट्टी आणली आणि रविवारी पदर खोचला. दार अर्धं उचललं, खाली स्टुलं लावली. जुनी पट्टी दाराच्या खालच्या कडेच्या पन्हळीत अशी चिकटलेली की पकडीने ओढावी तर तुकडेच हातात. पन्हळ तारेच्या ब्रशने घासली, एका टोकाला चेपली होती ती उघडली. नवी पट्टी साबणाच्या पाण्याने ओली करून आत सरकवायची असते. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून भरवायचं. मी एकटीच कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. कोपरापर्यंत फेस, गुडघे सोलवटलेले, आणि पट्टी मध्येच अडलेली. शेवटी बाबांची खुर्ची दाराशी नेली आणि मागचं टोक त्यांच्या हातात दिलं. 'ओढ... थांब... आता ओढ,' म्हणत त्यांनी ती अशी भरवली की बघत राहावं. कितीतरी दिवसांनी आम्ही मिळून एक काम केलं. एरवी तेच माझं काम असतात.

बाजूच्या पट्ट्या ठोकल्या, दार खाली आणलं. वारा थांबला, रस्त्याचा आवाजही. मी हुश्श करून बसतेय तोच बाबा कावरेबावरे झाले. 'हे काय केलंस? आता तो आला की मला कळणार कसं?'

मला काही उमजेना. मग विचारत विचारत कळलं. त्या फटीतून उजेडाची रेघ आत यायची. कुणी दाराशी आलं की पावलांची सावली तिच्यावर पडायची. दिवसभर पडल्या पडल्या ते तेवढंच बघत होते. पोस्टमनची पावलं ते ओळखायचे, शेजारणीची ओळखायचे. वाट तुझ्या पावलांची होती. मी म्हटलं, 'बाबा, तो बेल वाजवेल ना.' तर म्हणाले, 'तो बेल वाजवत नाही. दाराशी घुटमळतो आणि परत जातो.'

ते खरं की त्यांच्या मनाचं, मी तुला विचारणार नाही. दार पुन्हा वीतभर उचललं आणि खाली विटा सारल्या. आता दिवसभर तसंच असतं, वाराही येतो. मेहनत पाण्यात गेली त्याचं काही नाही. फक्त तिथे उभ्या उभ्या वाटलं, माझी वाट कुणी का बघेल? मी तर कायमची आतच.

तू बाबांशी का बोलत नाहीस, चूक कुणाची, ते आता राहू दे. काल माझ्या लेकीचा फोन आला होता. 'आई, तुझा आवाज आजोबांपेक्षा म्हातारा येतो,' म्हणाली. पुढच्या महिन्यात मी तिच्याकडे जातेय, परत कधी येईन ते ठरवलेलं नाही. मी रागावलेले नाही रे, रागावायलाही अंगात थोडं त्राण लागतं. मला नुसतं झोपायचंय, कुणाच्या हाकेकडे कान न ठेवता. तेवढे दिवस बाबांजवळ तू राहायचंस, एवढंच सांगायला हे पत्र. त्यांना अजून काही बोलले नाही. आणि जमत नसेल, तर ते मला कळवू नकोस. फोन करून त्यांना सांग, तुझ्या तोंडाने.

तुझीच, खूप दमलेली,
ताई