अवतरणचिन्हांतल्या गिरजाबाई

सोमवार, ३ मार्च
परत आला! बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प — 'चाकणच्या शेतकरी बायका कारखान्यात' — विजयश्री मॅडमनी परत पाठवला. एकसष्ट टक्के उचललेला, असं मशीन सांगतं म्हणे. अडतिसाव्या वर्षी कॉपीत सापडले! लेक संस्कृती हसून हसून लोळली. "आई, मला ओरडायचीस ना?"
पंधरा तारखेपर्यंत नवा दिला नाही तर वर्ष गेलं.

बुधवार, ५ मार्च
शिफ्टवरून येऊन नुसते शब्द बदलले. 'जमीन'ची 'भूमी', 'बायकां'च्या 'महिला'. पाठवून दिला. काय हुशार मी!

गुरुवार, ६ मार्च
नाही चालली हुशारी. मॅडमचा फोन — "तनुजाताई, साडी बदलली म्हणून बाई बदलते का? ज्याचं आहे त्याचं नाव लिहा. जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हांत. आपल्या शब्दांत सांगितलं तरी नाव हवंच. आणि तुम्हाला काय वाटतं, तेही लिहा की!"
मला काय वाटतं — हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवार, ८ मार्च
कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या करणाऱ्या गिरजाबाईंशी जेवणाच्या सुट्टीत बोलले. म्हणाल्या, "ज्या वावरात कांदा काढला, तिथंच आता चपात्या लाटती बघ." वा! घरी येऊन लिहूनच टाकलं.

मंगळवार, ११ मार्च
मॅडमनी कच्चा मजकूर वाचला. नेमकी त्याच वाक्याखाली रेघ. "हे फार सुंदर लिहिलंय तुम्ही!"
मी 'थँक्यू' म्हटलं. म्हटलं!! दुपारी चपाती ताटात तशीच ठेवून उठले — गिरजाबाईंच्याच हातची.

बुधवार, १२ मार्च
सकाळीच फोन लावला. "मॅडम, ते वाक्य माझं नाही. गिरजाबाईंचं आहे."
मॅडम म्हणाल्या, "आता आलं तुम्हाला."
गिरजाबाईंना विचारलं, नाव घालू का? "घाल की! पुरं घाल. गिरजाबाई गेनू कड."

शनिवार, १५ मार्च
दिला! या वेळी फक्त चार टक्के!
संदर्भयादी गिरजाबाईंना दाखवली. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या रांगेत त्यांचं नाव, पुढं मुलाखतीची तारीख. पिठाचं बोट अक्षरांखालून फिरवत एकेक अक्षर स्वतः वाचलं. "एवढ्या शिकल्याल्यांत मी?"
मग परत पहिल्यापासून वाचलं.

मंगळवार, १८ मार्च
ताटात चपाती टाकताना गिरजाबाई हळूच म्हणाल्या, "तनुजा, बाहेरून धाव्वीला बसायचा त्यो सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो गं?"